वाटेवरची कबर : रेव्हरंड गॉर्डन हॉल यांचे चरित्र

मुंबईत शिवडी येथे ख्रिस्ती लोकांचे एक विस्तीर्ण व जुने कबरस्थान आहे. बोरीबंदर स्टेशनाची भव्य इमारत ज्यांनी योजिली ते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स 1900 साली मुंबईत वारले व तेथे पुरले गेले. अपोलो बंदरावरील गेटवे ऑफ इंडिया ज्यांच्या कल्पनेतून उभे राहिले ते जॉर्ज विटेट यांसही 1926 साली तेथेच मूठमाती मिळाली. मुलुंड व घाटकोपर येथून आगगाडीने शहरात जाणारे लोक स्टीव्हन्स यांच्या कमानींखाली उतरतात. अंधेरी व बोरिवलीकडील लोक चर्चगेटास उतरले म्हणजे समोर जी जुनी रेल्वे कचेरी दिसते तीही त्यांचीच कृती होय. अशा पुरुषांची कबर कोणी शोधावयास गेला नाही तरी त्यांची आठवण बुजत नाही; कारण त्यांचे काम जमिनीच्या वर उभे आहे व ते सर्वांच्या डोळ्यांस दिसते.

परंतु काही कबरी अशा आहेत की, ज्यांच्याजवळ एकही इमारत उभी नाही, ज्यांच्याभोवती कबरस्थानाची भिंतही नाही, आणि तरी ज्यांच्या आत निजलेल्या मनुष्याचे ऋण आपल्या मंडळ्यांवर फार मोठे आहे. अशीच एक कबर नाशिकाहून मुंबईस येणाऱ्या जुन्या वाटेवर एका खेड्यात 1826 साली खणली गेली. तीत पेटी ठेवली गेली नाही, तिच्याजवळ पाळक उभा नव्हता, व मृताच्या नात्यागोत्याचे कोणीही तेथे नव्हते. तो मृत पुरुष म्हणजे मुंबईस आलेले पहिले अमेरिकन मिशनरी रेव्हरंड गॉर्डन हॉल. त्यांचे नाव आपल्या मंडळ्यांतील वडील मंडळींच्या कानावर आहे; पण त्यांचे चरित्र आपल्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल, म्हणून ते आज थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

गॉर्डन हॉल यांचा जन्म 8 एप्रिल 1784 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात टॉलंड नावाच्या गावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. त्यांचे बाळपण शेतातील कामात गेले. परंतु मुलाची बुद्धी तीक्ष्ण आहे असे पाहून त्यास पुढे शिकविण्यात आले. 1808 साली ते विल्यम्स कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडले. त्याच कॉलेजातील सॅम्युएल मिल्स आदिकरून काही विद्यार्थ्यांनी 1806 साली, वादळाच्या वेळी गवताच्या गंजीच्या आडोशास बसून, परदेशी शुभवर्तमान पोहोचविण्याविषयी प्रार्थना केली होती. ही गोष्ट अमेरिकेतील मंडळ्यांत आजवर सांगितली जाते. मिल्स हे हॉल यांचे मित्र होते, व त्या मंडळींच्या मनात जी ठिणगी पडली होती ती हॉल यांच्याही मनात पडली.

कॉलेजानंतर त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला व कनेक्टिकट प्रांतातील वुडबरी येथील मंडळीत काही काळ उपदेश केला. तेथील लोकांस ते इतके आवडले की, आपले कायमचे पाळक व्हावे अशी त्यांनी हॉल यांस विनंती केली. चांगले गाव, प्रेमळ मंडळी, निश्चित वेतन, स्वतःची भाषा व स्वतःचे लोक, हे सर्व त्यांस घरबसल्या मिळत होते. त्यांनी ते नाकारिले. त्या वेळी अमेरिकेतून परदेशास गेलेला असा एकही मिशनरी नव्हता की ज्याच्या अनुभवावरून त्यांनी काही ताडून पाहावे. 1810 साली परदेशीय मिशनांसाठी अमेरिकन बोर्ड स्थापन झाले. पण त्या बोर्डाजवळही पैसा थोडा व अनुभव तर मुळीच नव्हता.

निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली, ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. ते व त्यांचे सोबती सॅम्युएल न्यूवेल यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले व त्यासाठी ते फिलाडेल्फिया शहरात जाऊन राहिले. ज्या देशात आपण जाणार तेथे रोगी माणसे आपल्या दारी येतील, व नुसते शब्द घेऊन त्यांच्यापुढे उभे राहणे बरे नव्हे, हे त्यांनी आधीच ओळखिले होते. 6 फेब्रुवारी 1812 रोजी सेलम येथे हॉल, न्यूवेल, अडोनाइराम जडसन, सॅम्युएल नॉट व ल्यूथर राइस या पाच तरुणांस हात ठेवून दीक्षा देण्यात आली. त्याच महिन्यात दोन निरनिराळ्या गलबतांतून ते हिंदुस्थानास निघाले.

ऑगस्ट 1812 मध्ये हॉल कलकत्त्यास पोहोचले, तो तेथे सरकारचा हुकूम तयारच होता. कंपनी सरकारास आपल्या मुलुखात मिशनरी नको होते. शिवाय त्याच वर्षी इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध पेटले होते, त्यामुळे अमेरिकन माणूस म्हणजे शत्रूच्या देशाचा माणूस ठरला. सर्वांस देश सोडण्यास फर्माविले गेले. त्या लहानशा मेळ्याची मग पांगापांग झाली. न्यूवेल आपल्या तरुण पत्नीसह मॉरिशस बेटाकडे गेले. वाटेत त्यांचे नुकतेच जन्मलेले मूल समुद्रावर दगावले, व 30 नोव्हेंबर 1812 रोजी हॅरिएट न्यूवेल याही त्या बेटावर वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी मरण पावल्या. जडसन पुढे ब्रह्मदेशास गेले. हॉल व नॉट यांनी मुंबईचे गलबत धरिले व 11 फेब्रुवारी 1813 रोजी ते मुंबई बंदरात उतरले.

त्यांच्यामागोमाग कलकत्त्याहून सरकारी पत्रे मुंबईस आली, व येथेही त्यांस इंग्लंडास परत धाडण्याची तजवीज सुरू झाली. त्या वर्षाच्या अखेरीस दोघे जण सिंहलद्वीपास जाण्याच्या उद्देशाने एका देशी गलबतातून कोचीनपर्यंत गेले. तेथून त्यांस परत आणून मुंबईत नजरेखाली ठेवण्यात आले. जाण्याचा दिवस ठरला, सामानही बांधले गेले. तेव्हा डिसेंबर 1813 मध्ये हॉल यांनी गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांस एक पत्र लिहिले. त्यात गयावया नव्हती व उद्दामपणाही नव्हता. राज्यकर्त्यांचा अधिकार आम्ही मानितो; परंतु ज्या प्रभूने सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा दिली त्याचा अधिकार त्याहून वरचा आहे, आणि त्या आज्ञेच्या आड येणाऱ्यास शेवटच्या दिवशी त्याच प्रभूपुढे उत्तर द्यावे लागेल, असा त्या पत्राचा मथितार्थ होता. नेपियन हे स्वतः शास्त्रप्रसारास अनुकूल असे सद्गृहस्थ होते. त्यांनी दोघांची रवानगी तहकूब केली व प्रकरण विलायतेस लिहून पाठविले. इकडे 1813 साली पार्लमेंटाने कंपनीस नवीन सनद देताना मिशनऱ्यांस हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी केली होती. पुढे विलायतेहून अनुकूल उत्तर आले, आणि हॉल मुंबईतच राहिले.

आता त्यांच्यापुढे काम होते ते भाषेचे. नॉट यांची प्रकृती ढासळून ते 1815 साली परत गेले. न्यूवेल 1814 साली मुंबईस येऊन मिळाले होते. हॉल यांनी मराठीचा पिच्छा असा पुरविला की, थोड्याच काळात ते रस्त्यावर, बाजारात, देवळांच्या आवारात व तळ्यांच्या काठी उभे राहून लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागले. कोणी ऐकत, कोणी वाद घालीत, कोणी हसून निघून जात. हॉल दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. 1815 साली त्यांनी मराठी मुलांसाठी पहिली शाळा काढली. पुढे शाळांची संख्या वाढत गेली, आणि 1824 साली मुलींसाठीही शाळा निघाली. मुलीने अक्षर शिकणे हे जेव्हा अमंगळ समजले जाई, त्या काळची ही गोष्ट आहे, हे आमच्या भगिनींनी लक्षात घ्यावे.

पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम त्यांनी न्यूवेल यांच्यासह हाती घेतले. बंगाल्यात श्रीरामपूर येथे डॉक्टर केरी यांनी 1811 साली मराठी नवा करार छापला होता; तथापि त्याची भाषा या बाजूच्या लोकांस नीट समजत नसे, म्हणून मुंबईकर मिशनऱ्यांनी मूळ ग्रीकावरून नवे भाषांतर आरंभिले. 1816 साली होरेशियो बार्डवेल हे छपाईचे काम जाणणारे मिशनरी येऊन मिळाले. कलकत्त्याहून छापण्याचे यंत्र व खिळे आणविले गेले, व 1817 साली त्या छापखान्यातून शास्त्रवचनांची 8 पानांची मराठी पुस्तिका बाहेर पडली. मग एकामागून एक शुभवर्तमाने व पत्रे छापली जाऊ लागली, आणि संपूर्ण नवा करार 1826 साली पुरा झाला. म्हणजे ज्या वर्षी हॉल मरण पावले त्याच वर्षी त्यांच्या हातचे हे मोठे काम सिद्धीस गेले.

त्या काळचा मुलूख कसा होता, याची वाचकांनी थोडी कल्पना करावी. मुंबई हे लहानसे बेट होते, व उत्तरेस साष्टीचे बेट पसरलेले होते. हल्लीची अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही सर्व ठिकाणे त्या साष्टीवरच आहेत. पण तेव्हा ती भातशेतीची, मिठागरांची व ताडामाडांची विरळ वस्तीची खेडी होती. शीव येथून साष्टीत जाण्याचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच झालेला होता; माहीमचा बांध मात्र 1845 साली खुला झाला, आणि आगगाडी तर 1853 सालापर्यंत कोणी पाहिलीही नव्हती. मिशनचे काम मुंबईबाहेर वाढले ते याच दिशेने. 1818 साली अ‍ॅलन ग्रेव्ह्ज माहीमास व जॉन निकल्स ठाण्यास राहावयास गेले. निकल्स 1824 साली निवर्तले. त्यापूर्वीच, 30 मे 1821 रोजी, सॅम्युएल न्यूवेल मुंबईत पटकीने एकाएकी वारले होते. सेलम येथे ज्या पाच जणांस एका दिवशी दीक्षा मिळाली, त्यांपैकी मुंबईच्या कामावर आता हॉल एकटेच उरले.

इतक्या श्रमांचे फळ काय मिळाले, असे कोणी विचारील. आमच्या उपदेशक बंधूंनी येथे विशेष लक्ष द्यावे. 1819 साली हैदराबादेकडील कादर यार खान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने बाप्तिस्मा घेतला. शाळांत मुले येत, पुस्तके लोक नेत, 1823 साली मुंबईत प्रार्थनेचे मंदिरही बांधून झाले; परंतु ज्या मराठी हिंदू लोकांसाठी हॉल घरदार सोडून आले होते, त्यांतून एक मंडळी उभी राहिलेली त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली नाही. तेरा वर्षे पेरणी झाली. कापणीस त्यांचा विळा लागला नाही. अमेरिकेतील मंडळ्यांस त्यांनी वारंवार पत्रे लिहून अधिक माणसे मागितली. न्यूवेल यांच्यासह त्यांनी लिहिलेले, जगातील 60 कोटी लोकांच्या वतीने मंडळ्यांस विनंती करणारे पुस्तक 1818 साली अमेरिकेत छापले गेले. तरी माणसे येत ती थोडी, आणि जी येत त्यांतील काही लवकरच मातीआड होत.

घरचे दुःखही कमी नव्हते. 19 डिसेंबर 1816 रोजी त्यांनी मार्गारेट लुईस नावाच्या इंग्लिश बाईंशी विवाह केला होता. मुलांच्या प्रकृतीस येथील हवा मानवेना, म्हणून 1825 साली पत्नी व दोन मुलगे यांस अमेरिकेस पाठविणे भाग पडले. हॉल यांसही त्यांच्याबरोबर जाता आले असते. बारा वर्षे अखंड राबलेल्या माणसास विसावा मागण्याचा हक्कही होता. पण कामावर माणसे इतकी थोडी होती की ते राहिले. थोरला मुलगा त्या प्रवासात समुद्रावरच वारला. पत्नी व धाकटा मुलगा सुखरूप पोहोचले. परंतु पतीचे व पित्याचे दर्शन त्यांस पुन्हा घडावयाचे नव्हते.

1818 साली पेशवाईचा शेवट झाल्यापासून घाटावर जाण्याची वाट मोकळी झाली होती. 2 मार्च 1826 रोजी हॉल पुस्तकांचे गाठोडे व औषधे घेऊन मुंबईहून निघाले. बरोबर मिशनच्या छायेत वाढलेले दोन ख्रिस्ती मुलगे होते. वाटेत गावोगाव उपदेश करीत व पुस्तके वाटीत ते सुमारे 100 मैलांवरील नाशिकास पोहोचले. तेथे त्यांस दिसले ते भयंकर होते. शहरात पटकी माजली होती, व त्यांच्या मुक्कामात एकाच दिवशी 200 हून अधिक माणसे मेली.

पटकीचे नाव आपल्या खेड्यांतील वृद्धांस सांगावयास नको. तिलाच कोणी मोडशी म्हणत, कोणी जरीमरी म्हणत. वांद्र्यास व अंधेरी-कुर्ल्याकडे जरीमरीची देवळे आजही आहेत. 1817 साली बंगाल्यातून ही साथ उठली व पुढील काही वर्षांत तिने सारा देश ग्रासिला. ती कशाने होते हे तेव्हा कोणासही ठाऊक नव्हते. घाणेरड्या पाण्यातून ती पसरते हे लंडनच्या डॉक्टर स्नो यांनी 1854 च्या सुमारास दाखविले, आणि तिचा सूक्ष्म जंतू जर्मन डॉक्टर कॉख यांनी 1884 साली कलकत्त्याच्या तळ्यांच्या पाण्यात ओळखिला. 1826 साली वैद्यांजवळ तिच्यावर अफूचा अर्क, पाऱ्याची पूड व असलीच काही औषधे होती. हॉल यांच्या पेटीतही जे काही होते ते त्या काळचेच होते.

ते नाशिकातून पळाले नाहीत. साथीच्या गावी परका मनुष्य थांबत नाही. गावचे लोकही घर सोडून रानात जातात. हॉल मात्र रोग्यांत फिरले, औषध दिले, पुस्तके दिली, व मरणाच्या दारी बसलेल्यांस जीवनाची वार्ता सांगितली. जवळची पुस्तके संपली, औषधही जवळजवळ संपले, तेव्हा 18 मार्च रोजी ते परत फिरले. सुमारे 30 मैल वाट चालून 19 मार्चच्या रात्री ते एका खेड्यात आले व देवळाच्या दगडी ओसरीवर निजले. त्याच ओसरीवर साथीने ग्रासलेली माणसे पडलेली होती. पहाटे चारच्या सुमारास पुढे निघण्याकरिता ते उठले, तोच त्यांस पटकीचे पहिले झटके आले.

शिल्लक असलेले थोडेसे औषध त्यांनी घेतले. ते पोटात ठरले नाही. अधिक औषध नव्हते, कारण ते नाशिकास वाटले गेले होते. आपला अंत जवळ आला हे त्यांनी तत्काळ ओळखिले व त्या दोघा मुलांस तसे सांगितले. आपले घड्याळ, कपडे व इतर चीजवस्तू यांची काय व्यवस्था करावयाची, प्रेत कसे पुरावयाचे, हे शांतपणे समजावून दिले. नंतर त्यांनी दूर असलेल्या पत्नीसाठी व मुलांसाठी, मिशनच्या बंधूंसाठी व या देशाच्या लोकांसाठी प्रार्थना केली. देवाचे गौरव करीत, आठ तासांच्या आत, 20 मार्च 1826 रोजी त्यांनी प्राण सोडिला. बेचाळीस वर्षे पुरी होण्यास त्यांस एकोणीस दिवस उणे होते.

त्या दोघा मुलांकडे आता वाचकांनी पाहावे. परका गाव, साथीचे दिवस, जवळ ना मिशनरी ना नातलग. अशा समयी मेलेल्याच्या अंगास हात लावण्यास सख्खे भाऊही कचरतात. त्या मुलांनी मोठ्या प्रयासाने कबरेची सोय केली, आपल्या गुरूंचे प्रेत त्यांच्याच घोंगडीत गुंडाळिले व पेटीवाचून ते मातीस दिले. मग ते मुंबईस आले व त्यांनी ती दुःखाची वार्ता सांगितली. हॉल यांच्या शेवटच्या घटकांविषयी जगास जे ठाऊक आहे ते या दोन मुलांमुळे ठाऊक आहे. पुढे मिशनच्या बंधूंनी त्या कबरेवर दगड बसविला व त्यावर इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत लेख कोरविला.

येथे एक प्रश्न उभा राहतो व तो आम्ही टाळू इच्छीत नाही. हॉल यांनी आपले औषध वाटून टाकिले हे शहाणपण झाले काय? थोडे स्वतःसाठी राखिले असते तर हा कर्ता पुरुष आणखी वीस वर्षे कामास आला नसता काय? असा विचार करणारे तेव्हाही असतील व आजही आहेत. आजच्या वैद्यकशास्त्राने पाहता उत्तर असे आहे की, त्या औषधात पटकी हटविण्याचे सामर्थ्य नव्हते. या रोगात शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात व त्यानेच मनुष्य मरतो. स्वच्छ पाण्यात साखर व मीठ योग्य प्रमाणात घालून पाजीत राहिल्यास बहुतेक रोगी वाचतात. 1971 साली बांगलादेशाच्या निर्वासितांत साथ पसरली तेव्हा बंगाल्यातील बनगाव येथे डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी याच साध्या उपायाने असंख्य प्राण वाचविले. हे ज्ञान 1826 साली कोणापाशीही नव्हते. म्हणून हॉल यांनी औषध राखून ठेविले असते तरी बहुधा ते वाचले नसते. आणि खरे बोलावयाचे तर, त्यांनी ज्यांस ते दिले त्यांतलेही पुष्कळ वाचले नसतील.

तर मग त्यांनी नाशिकास दिले तरी काय? आमच्या मते त्यांनी स्वतःस दिले. ज्या रोग्यास घरच्यांनीही टाकिले त्याच्याजवळ एक मनुष्य येऊन बसला, त्याच्या तोंडाशी त्याने पेला धरिला, व त्याच्याच भाषेत तो बोलला. औषध निरुपयोगी ठरले तरी ते देणारा हात निरुपयोगी ठरला नाही. उपदेशक बंधूंनो, आपणांपाशी पुष्कळदा देण्यासारखे फारसे काही नसते. ज्ञान थोडे, पैसा त्याहून थोडा. तथापि दुखण्याच्या घरी जाऊन बसणे हे कोणासही करता येते, व त्याची किंमत परिणामावरून करावयाची नसते.

आता त्या पेरणीचे पुढे काय झाले ते पाहा. हॉल यांचा शोक घरोघर झाला व अमेरिकेतून नवी माणसे निघाली. 1831 च्या अखेरीस ग्रेव्ह्ज, हार्वी व रीड हे तिघे मिशनरी अहमदनगरास गेले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मणांतून आलेले बंधू होते. म्हणजे हॉल यांच्या मरणानंतर सहा वर्षे भरण्यापूर्वीच, एक मराठी ख्रिस्ती मनुष्य दुसऱ्या गावी काम उघडण्यास निघाला. त्या अहमदनगराहून खेडोपाडी शुभवर्तमान गेले व तेथे मंडळ्या उभ्या राहिल्या. तेथूनच 1842 साली ज्ञानोदय पत्र निघाले. ज्या नाशिकात हॉल यांनी शेवटची पुस्तके वाटिली, तेथे 1832 साली चर्च मिशनरी सोसायटीचे काम सुरू झाले, व 1854 साली शरणपूर हे ख्रिस्ती लोकांचे गाव वसले. हॉल यांचा धाकटा मुलगा गॉर्डन हा अमेरिकेत वाढून स्वतः पाळक झाला.

आणि फळ केवळ मंडळ्यांतच आले असे नाही. मिशनचा तो छापखाना पाहून गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत स्वतःचा छापखाना घातला व 1831 साली मराठी पंचांग छापून काढिले. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी हे लहानपणी अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात कामास होते. ज्या ग्रंथांस हॉल यांनी कधी हात लावला नसता, तेही छापणाऱ्या हातांस कसब मिळाले ते त्यांच्या मिशनच्या छापखान्यापासून. शेतात पेरलेले बी शेजारच्या बांधावरही उगवते, तसे हे झाले.

वाचकहो, शिवडीतल्या मोठमोठ्या कबरी पाहण्यास आपणांपैकी पुष्कळांचे जाणे होणार नाही. गेलात तर अवश्य पाहा. परंतु आपल्या प्रत्येक गावच्या शिवेवर, ओढ्याच्या काठी किंवा माळावर, पहिल्या विश्वासणाऱ्यांच्या कबरी आहेत. त्यांतील पुष्कळांवर दगड नाही, असला तर लेख नाही. कोणी गावकीने टाकिलेला होता, कोणी साथीत इतरांची सेवा करिता करिता गेली, कोणी शाळेचा पहिला मास्तर होता. त्यांची नावे आज जे वृद्ध सांगू शकतात तेही एकेक करून जात आहेत. म्हणून आमची मंडळीच्या पुढाऱ्यांस एवढीच विनंती आहे की, यंदा पावसाळ्यापूर्वी एखादा दिवस ठरवून गावच्या कबरस्थानात सर्वांनी जावे, काटेकुटे काढावे, खचलेल्या कबरींवर माती घालावी, व वृद्धांस विचारून प्रत्येक कबरीतील माणसाचे नाव, मृत्यूचे साल व त्याने केलेली एखादी चांगली गोष्ट मंडळीच्या वहीत लिहून ठेवावी. मुलांसही बरोबर न्यावे. हॉल यांस मूठमाती देऊन त्यांची वार्ता आपणांपर्यंत पोहोचविणारी तीही मुलेच होती.